गुरुवारची वाफ

गुरुवारी सकाळी ज्वारीची आंबील पिऊन झाली की एनिड शेगडी पेटवायची. कोळसा ओला निघाला तर शिव्या घालत, कोरडा निघाला तर चर्चमधलं काहीतरी गुणगुणत. मग कोपऱ्यातलं ते भांडं दोन्ही हातांनी पोटाशी धरून आणायची आणि शेगडीवर ठेवायची. बादलीपेक्षा मोठं, जाड ॲल्युमिनियमचं, झाकणाला चहूबाजूंनी फिरकीचे स्क्रू, वर दाबाचा काटा आणि एक वाफेची तोटी. मिशनच्या दवाखान्यात जंतू मारायच्या या भांड्याला ऑटोक्लेव्ह म्हणत. टेकडीवर एनिड नर्सबाई, म्हणून सगळे त्याला नर्सबाईचं भांडं म्हणत, आणि अलीकडे ते नाव घेताना तोंड वाकडं करत.

भांड्यात तळाला पाणी, पाण्याच्या वर जाळीचं तबक, तबकावर कापडात बांधलेली गाठोडी. एकात नाळेची कात्री आणि दोन चिमटे, दुसऱ्यात टाक्यांच्या सुया, तिसऱ्यात गॉजच्या घड्या. स्क्रू आवळायचे ते समोरासमोरचे, जोडीजोडीने. एका बाजूने आवळत गेलं तर झाकण तिरकं बसतं आणि वाफ चोरवाटेने निसटते. मग तोटी उघडी ठेवून बसायचं, कारण आत हवा राहिली तर काटा खोटं बोलतो. आधी नुसती फुसफुस, मग एकसारखी शिट्टी, आणि ती जमली की तोटी बंद. पुढे कोळसा मागे-पुढे सारत काटा एका जागी धरायचा. या उंचीवर पाणी लवकर उकळतं आणि उकळूनही पुरेसं तापत नाही, म्हणून पुस्तकात लिहिलंय त्याहून थोडा दाब जास्त आणि थोडा धीर जास्त. शेवटी तोटी पुन्हा उघडली की जी शिट्टी निघायची, ती खालच्या बांधांपर्यंत, केळीच्या पलीकडे जायची.

ही सगळी तयारी कोणासाठी, हे एनिडला कोणी विचारत नव्हतं, कारण विचारायला कोणी येतच नव्हतं. कापडातलं गाठोडं आठवडाभर भरवशाचं, त्यानंतर त्याची खात्री नाही. म्हणून दर गुरुवारी ती गाठोडी सोडायची, न वापरलेली कात्री धुवायची, पुसायची, नव्या कापडात बांधायची आणि पुन्हा वाफेला लावायची. दोन वर्षांत त्या कात्रीने दोरासुद्धा कापला नव्हता. सबंध डोंगरात तिच्याइतकी स्वच्छ कात्री दुसरी नसेल.

बाळंतिणी यायच्या बंद झाल्या त्याचं एनिडला वाईट वाटलं नव्हतं. खाली दरीत सरकारी दवाखाना झाला, तिथे दिवे होते, रक्त मिळत होतं, गाडी येत होती. तीच पोरींना सांगायची, "माझ्याकडे कशाला येता गं? खाली जा, मशीन आहे तिकडे." पण तरीही कापलेलं बोट, पिकलेला फोड, कानात गेलेला किडा घेऊन लोक तिच्याच ओट्यावर बसायचे. तेही थांबलं. भांड्यापायी थांबलं.

त्या टेकड्यांवर गाडीरस्ता दरीतच संपतो. वर यायचं ते पायांनी, नाहीतर माणसांच्या खांद्यावरून. वेतानं विणलेली, दोन दांड्यांची लांब टोपली असते, तिला एन्गोझी म्हणतात. आजारी माणसाला तिच्यात घालून पुरुष पाळीपाळीने खाली पळवत नेतात आणि मेलेल्याला तिच्यातूनच वर आणतात. टोपली ज्या घरांची, त्या घरांच्या मंडळालाही एन्गोझीच म्हणतात. मंडळात असलात की तुम्ही दुसऱ्याच्या मयताला खड्डा खणता, लाकडं देता, आणि घरातलं सगळ्यात मोठं भांडं देता. लांबून आलेल्या माणसांना जेवू घातल्याशिवाय इकडे कोणाला मातीत ठेवत नाहीत. तुमच्या दारी वेळ आली की सगळी टेकडी तुमच्याकडे येते. मंडळात नसलात तर मुलगा कंपाला शहरात कितीही कमवो, तो तुमची पेटी दरीपर्यंत आणेल आणि तिथे गाडीला टेकून उभा राहील.

एनिडचा नवरा फेस्टो याच टोपलीतून खाली गेला होता आणि तिच्यातूनच वर आला होता. केळीखाली त्याला ठेवलं तेव्हा शेजारची जागा एनिडने पाहून ठेवली होती. तिला दुसरं काही नको होतं. त्या जागेपर्यंत नेणारे खांदे हवे होते, आणि तेच आता नव्हते.

झालं ते असं. खालच्या बांधावर प्रोव्हियाचं घर. दोघींची मैत्री अशी, की एकीने चूल पेटवली तर दुसरी निखारा मागायला यायची, स्वतःची पेटलेली असली तरी. प्रोव्हियाचा नवरा योसाम अचानक गेला. त्या दिवशी मंडळाचं मोठं पातेलं पलीकडच्या टेकडीवर दुसऱ्या मयताला गेलेलं. बायका एनिडच्या दारात आल्या आणि भांडं मागू लागल्या. एनिड म्हणाली, "पातेली न्या, बादल्या न्या, मला न्या. ते भांडं नाही."

तिच्याकडे कारण होतं. ऑटोक्लेव्ह मिळण्याआधी ती कात्री घरच्याच पातेल्यात उकळायची, ज्यात बटाटे शिजायचे त्यातच. पलीकडच्या टेकडीवरची एक कोवळी पोर बाळंतपणानंतर तापली आणि गेली. पातेल्यानेच ती गेली, हे कोणी सिद्ध केलं नव्हतं. पण एनिडने ते मनाशी धरलं, आणि भांडं घरात आलं त्या दिवशी ठरवलं, यात अन्नाचा कण जाणार नाही. हे तिने बायकांना सांगितलं असतं तर त्यांना पटलं असतं. पण नर्सबाईच्या नाकावर राग. दार अडवून ती म्हणाली, "तुमची पोरं कोणी काढली, ते आधी आठवा आणि मग माझ्या दारात ओरडा."

एवढं एकच वाक्य. बायका निघून गेल्या. लहान लहान पातेल्यांत घेवडा शिजता शिजेना, आणि योसामच्या आजोळची माणसं, दोन डोंगर ओलांडून आलेली, उपाशी परत गेली. प्रोव्हियाला नवऱ्याच्या जाण्याइतकाच तो अपमान लागला. मंडळ बसलं. मयताला भांडं नाकारणाऱ्याच्या दारी एन्गोझी जात नाही, असा नियम होताच. एनिडने माफी मागितली असती तर नियम वाकला असता. तिने मागितली नाही.

तेव्हापासून वाटेत कोणी भेटलं की नुसतं "बरं?" म्हणायचं. या टेकड्यांवर भेटणं म्हणजे हात हातात घेऊन रात्र कशी गेली, गुडघा कसा आहे, शेळी व्याली का, कंपालाचा फोन आला का, असं सगळं विचारून होईस्तोवर ऊन कलतं. एनिडच्या वाट्याला तेवढा एक शब्द राहिला. प्रोव्हिया, जी तिला "ए म्हातारे" म्हणून हाक मारायची, ती आता "नर्सबाई, बरं आहे ना तुमचं?" म्हणून पुढे जायची. त्या 'तुमचं'नंतर एनिड घागर खाली ठेवून ती वळणाआड जाईपर्यंत बघायची.

यंदाच्या पावसाळ्यात झऱ्यावरून पाणी आणताना तिला दम लागू लागला. संध्याकाळी घोट्यांवर सूज यायची. तिने अंगठा दाबून पाहिला. खळगा पडला आणि तसाच राहिला. दुसऱ्याच्या पायावर असा खळगा तिने शेकडो वेळा पाहिला होता, हृदय थकलं की पायात पाणी उतरतं, हे तिला कोणी सांगायला नको होतं. मुलाने फोनवर सांगितलं, "आई, इकडे ये." ती म्हणाली, "तुझ्या दोन खोल्यांत मी मेले तर मला ठेवशील कुठे? कपाटावर?" तो हसला. तीही हसली आणि तिने फोन ठेवला.

अशात एका सकाळी खालच्या बांधावरून हाक उठली. त्या हाकेचा सूर सगळ्यांना ओळखीचा. पहिल्या टेकडीने दुसरीला दिली, दुसरीने तिसरीला. प्रोव्हियाची सासू, म्हातारी कोबुशेशे, गेली होती.

एनिड ओट्यावर उभी राहिली आणि तिला रडू फुटलं. एनिड नवी नवरी आणि नवी नर्स होऊन या टेकडीवर आली तेव्हा तिच्या हाताखाली बाळंत व्हायला कोणी तयार नव्हतं. कोबुशेशेने स्वतःच्या सुनेला पुढे केलं होतं आणि कंदील धरून उभी राहिली होती. म्हणाली होती, "पोरगी बारीक आहे, पण हात बघा तिचे, धुऊन धुऊन पांढरे पडलेत." म्हातारीचा आवाज एवढा मोठा, की ती घरात कुजबुजली तरी एनिडला वर ऐकू यायचं. भांडण झाल्यावरही तीच एकटी खालून ओरडायची, "नर्सबाई, जेवलीस का गं?" सून तिला गप्प करायची.

एनिड घरात गेली. भांड्याचं झाकण काढून तिने गाठोडी बाहेर ठेवली. ती कोणाला घाबरून जात नव्हती आणि कोणावर उपकार करायलाही नव्हती. आपण गेल्यावर आपल्यासाठी कोणी येवो न येवो, कोबुशेशेच्या मयताला आपल्या घरचं भांडं नाही असं होऊन चालणार नाही, एवढंच तिच्या डोक्यात होतं. पण एकदा घेवडा शिजला की या भांड्यात कात्री परत जाणार नाही, हेही तिने त्याच क्षणी ठरवलं. भांडं तिचं होतं, नियम तिचा होता. मोडायचा तर पुरता मोडायचा. तळाचं पाणी तिने अंगणात ओतलं.

कापडाची चुंबळ करून तिने भांडं डोक्यावर घेतलं आणि ती बांधाबांधाने उतरू लागली. रात्री पाऊस होऊन गेला होता, पायवाट निसरडी. दर बांधाला थांबून ती श्वास घेत होती. वाटेत दोघेजण भेटले, "बरं?" म्हणाले आणि भांड्याकडे बघत राहिले.

प्रोव्हियाच्या अंगणात निलगिरीखाली चुली मांडल्या होत्या. लाकडं ओली, धुरानं सगळ्यांचे डोळे लाल. कोण रडून आणि कोण धुरानं, सांगता येत नव्हतं. पातेल्यांत घेवडा उकळत होता, गेल्या साली पिकलेला, दगडासारखा. मेडियस नावाच्या बाईने एक दाणा चिमटीत दाबून पाहिला आणि फेकून दिला. "म्हातारीसारखाच आहे मेला. ऐकतच नाही." योसामच्या आजोळची माणसं डोंगर उतरताना दिसत होती.

एनिड आली तसं बोलणं थांबलं. तिने भांडं खाली ठेवलं.

"हे आणलंय," ती म्हणाली.

प्रोव्हिया उठली नाही. "उशीर झाला नर्सबाई. माझ्या नवऱ्याला पुरून दोन वर्षं झाली."

"ठाऊक आहे."

"मग आज कसं आठवलं?"

"कोबुशेशेसाठी आणलंय. हवं तर ठेवा, नको तर परत नेते."

"मी तरी यातलं खाणार नाही," मेडियस म्हणाली. "बाळंतिणींचं रक्त उकळलंय यात. शी!"

एनिडच्या जिभेवर तेच जुनं वाक्य आलं. तिने ते गिळलं. तिच्याऐवजी एरास्टो बोलला. हा मंडळाचा प्रमुख, एन्गोझी त्याच्याच पडवीत टांगलेली असायची. खड्डा खणून आलेला, चिखलाने माखलेला, तो फावड्यावर रेलून उभा होता.

"मेडियस, तुझ्या चारही पोरांची नाळ यातल्याच कात्रीने कापली. पोरं रोज मांडीवर घेतेस की. आता कुठलं नाक मुरडतेस?"

"ते वेगळं."

"काय वेगळं? पाहुणे त्या वळणावर आलेत बघ. घेवडा दगड आहे. मागच्या वेळी उपाशी गेले, या वेळीही पाठवायचे का?"

प्रोव्हियाने वळणाकडे पाहिलं. मग चुलीवरचं पातेलं दोन फडक्यांनी उचललं आणि एनिडच्या भांड्यात ओतलं. त्यानंतर दुसरं पातेलं आणलं.

"काठोकाठ नको," एनिड म्हणाली. "वर जागा ठेवा, नाहीतर तोटी तुंबेल." मग ती खाली बसली, स्क्रू समोरासमोरचे आवळू लागली, आणि बायका हळूहळू जवळ सरकल्या. ओल्या लाकडांवर दाब धरणं म्हणजे दिव्य. ती शेजारणीला म्हणत होती, "हे ओढ, ते सार, फुंक, अगं फुंक ना," आणि शेजारीण फुंकत होती, आणि आपण एकमेकींशी बोलत नाही हे दोघीही क्षणभर विसरल्या.

उपदेशक आले, घराच्या दारात पेटीपाशी उभे राहिले, सगळ्यांना गप्प करून प्रार्थना म्हणू लागले. "आमची ही माता आता शांत निजली आहे..." नेमकी तेव्हा एनिडने तोटी उघडली. अशी शिट्टी निघाली, की पुढच्या बाकावरचे दोन पाहुणे बाकासकट मागे पडले, शेळ्या दावं तोडून बांध उतरल्या आणि उपदेशकांच्या हातातलं पुस्तक पेटीवर आपटलं. वाफेचा लोट निलगिरीपर्यंत गेला.

"ही शांत निजणार होय?" एरास्टो म्हणाला. "जाता जाता ओरडली बघा."

आधी एक बाई हसली, मग सगळं अंगण. उपदेशक हसू दाबायला खोकत राहिले. प्रोव्हियासुद्धा हसली आणि हसता हसता तिला इतकं रडू कोसळलं की दोघींनी धरून बसवलं.

झाकण काढलं तेव्हा घेवडा लोण्यासारखा झाला होता. मेडियसने एक दाणा चिमटीत दाबला, तो बोटांनाच लागून राहिला. तिने बोटं चाटली आणि कोणी पाहिलं का ते बघितलं. दुसरी खेप लागली, तिसरी लागली. पाहुणे बटाट्यांबरोबर पोटभर जेवले, केळीच्या पानांवर परत परत वाढून घेतलं, आणि म्हातारीला मातीत ठेवेपर्यंत ऊन अजून टेकडीच्या माथ्यावर होतं.

एनिड रिकाम्या भांड्याजवळ बसली होती. प्रोव्हिया येऊन समोर उभी राहिली.

"एवढ्यात झालं?" तिने विचारलं.

"वाफ धरली की होतं."

"म्हणजे त्या दिवशी तुम्ही दिलं असतं, तर त्या दिवशीही झालं असतं. एवढ्यात."

एनिडला काही लपवता आलं नाही. "हो. झालं असतं."

"तुम्हीच सांगायचात ना आम्हाला? या वाफेपुढे काही टिकत नाही, रक्त नाही, पू नाही, रोग नाही. मग आमचा घेवडा टिकला असता का? दुसऱ्या दिवशी धुऊन लावायचं होतं वाफेला."

दोन वर्षं रोज रात्री एनिडने या भांडणात स्वतःची बाजू मांडली होती, आणि हे एवढं साधं तिने कधी स्वतःला विचारलं नव्हतं. की विचारायचं टाळलं होतं? ती बसल्या जागीच म्हणाली, "चुकले मी, प्रोव्हिया. योसामची माणसं माझ्यामुळे उपाशी गेली. माझा नियम खरा होता, पण त्या दिवशी मी नियमासाठी नाही अडून बसले. माझं भांडं मोठं, म्हणून मी मोठी, असं झालं होतं मला."

प्रोव्हियाने झाकण उचलून भांड्यावर ठेवलं. मग म्हणाली, "भांडं इथेच राहू दे."

"राहू दे. आता त्यात कात्री घालणार नाही मी."

"मंडळाचं म्हणून राहील. माझ्या कोठीत." तिने भांडं आत नेलं, कोठीला कुलूप लावलं आणि किल्ली कमरेच्या कापडाला बांधली. परत येऊन ती एनिडशी बोलली नाही. एरास्टोने जाता जाता एनिडला हात दिला, उठवलं, आणि म्हणाला, "मंडळ बसलं की मी विषय काढीन. पण प्रोव्हिया बोलल्याशिवाय कोणी बोलणार नाही. तिचाच माणूस होता."

एनिड एकटी वर चढली. घरात कोपरा मोकळा दिसत होता. जमिनीवर भांड्याच्या बुडाचं गोल वळ उमटलेला होता, त्यावर तिने टोपली ठेवली, मग ती काढून टाकली. गाठोडी टेबलावर तशीच पडली होती. आठवडा संपायच्या आत कोणाला गरज पडली तर ती चालतील, असा विचार आला आणि तिला स्वतःचाच राग आला. कोण येणार होतं?

मंडळ बसल्याचं काही कळलं नाही. रविवारी चर्चमध्ये लोक जरा जास्त बोलले, गुडघ्याची चौकशी केली. प्रोव्हिया पुढच्या बाकावर होती. तिने मागे वळून पाहिलं नाही.

गुरुवार उजाडला. एनिडने आंबील प्यायली आणि सवयीने शेगडी पेटवली. निखारे लाल झाले, आणि तिच्या लक्षात आलं की वर ठेवायला काही नाही. मग तिने चहाचं भांडं ठेवलं. चहा उकळला, उतरवला. निखाऱ्यांकडे बघत ती बसून राहिली. शिट्टीशिवाय घर इतकं गप्प असतं, हे तिला माहीत नव्हतं. आपण या पाटावर अशाच कलंडलो तर किती दिवसांनी कोणाला कळेल, याचा तिने शांतपणे हिशेब केला, आणि तो काही बरा आला नाही.

ऊन अंगणात आलं, सरकलं. आणि मग बांधांवरून कोणीतरी धावत येताना ऐकू आलं. ढेकळं घरंगळत होती, धापा ऐकू येत होत्या. प्रोव्हिया दारात आली. एका पायात चप्पल, दुसरी वाटेत कुठेतरी. हातात कुदळ तशीच, कोपरापर्यंत माती.

"जिवंत आहेस का गं?" ती ओरडली.

"आहे की," एनिड म्हणाली. "काय झालं?"

"काय झालं विचारतेस? दुपार व्हायला आली! शिट्टी कुठाय? मी शेतात उभी आपली कान लावून, आत्ता होईल, मग होईल. म्हटलं संपली. म्हटलं आत पडलीये म्हातारी आणि मी खाली रताळी खणतेय."

"तू ऐकायचीस?"

"ऐकायचे म्हणजे? दर गुरुवारी! शिट्टी झाली की म्हणायचे, आहे, खपली नाही अजून. मग माझ्या हाताला काम सुचायचं." ती दाराच्या चौकटीला धरून उभी होती, छाती भात्यासारखी चाललेली. "दोन वर्षं ऐकतेय. आणि आज वाजवायची नाही म्हणजे काय? माझा जीव गेला ना!"

एनिडने तिच्या कमरेकडे पाहिलं. मग हळूच म्हणाली, "अगं, पण भांडं तुझ्याच कोठीत आहे."

प्रोव्हियाचा हात कमरेकडे गेला, किल्ली हाताला लागली. तिने ती हातात धरून पाहिली, जशी दुसऱ्याच कोणाची असावी. मग कुदळ टाकून ती उंबऱ्यावर बसली. हसावं की रडावं हे तिचं ठरत नव्हतं, तेव्हा तिने दोन्ही केलं.

एनिडने गार झालेला चहा पुन्हा तापवला, पेल्यात ओतला आणि पेला द्यायला उठली. प्रोव्हियाची नजर तिच्या घोट्यांवर गेली. तिने पेला बाजूला ठेवला, मातीचा अंगठा एनिडच्या पायावर दाबला आणि उचलला. खळगा तसाच राहिला. इतकी वर्षं नर्सच्या शेजारी राहून तिलाही तेवढं कळत होतं.

"हे कधीपासून?"

"पावसाळ्यापासून."

"आणि बोललीस कोणाला?"

"कोणाला बोलू?"

त्या खळग्यावर प्रोव्हियाने तळहात ठेवला, थोडा वेळ तसाच ठेवला, मग नाक पुसून उठली.

"एरास्टोला सांगते," ती म्हणाली. "एन्गोझीचे दांडे बदलून घे म्हणावं. जुने झालेत. तुझं वजनही काही कमी नाही."

"एवढ्यात नको गं."

"एवढ्यात कोण म्हणतंय? उद्या सकाळी तुला खाली दवाखान्यात न्यायचंय, चालत जाणार आहेस का या पायांनी? चहा झाक माझा. भांडं घेऊन येते. कात्री घाल, नाहीतर नुसतं पाणी घाल, मला काय त्याचं? पण गुरुवारी ते वाजलं पाहिजे."

ती उतरू लागली. दुसरी चप्पल कुठल्या बांधावर सुटली ते शोधत, शिव्या घालत. एनिडने शेगडीत आणखी कोळसा घातला आणि तिची वाट बघत बसली.